लाडोबाचं जाकीट

जाकीट लाडोबाच्या पोटावर बसेना. मॅडमनी दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं, पण बटण काजापर्यंत यायचं आणि मागे फिरायचं. लाडोबा हा त्यांचा कुत्रा. त्याचं खरं नाव परदेशी होतं, ते कामवाल्या बाईच्या जिभेवर कधी चढलंच नाही, म्हणून तिने परस्पर त्याला लाडोबा करून टाकलं होतं. आपल्यापायी एवढी ओढाताण चाललीय याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं. बागेच्या हिरवळीवर उभ्या उभ्या तो जांभया देत होता.

"आटलं वाटतं," असं म्हणून मॅडम धुतलेलं जाकीट घेऊन आलेल्या बाईकडे वळल्या. "गरम पाण्यात घातलंस ना?"

बाईने घातलं नव्हतं.  तरी शेजारी काठी टेकून उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

नवरा धंद्याने शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चार महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवा पाय लुळा पडला, तेव्हापासून घरातली पायमशीन चादरीखाली झाकलेली होती. दवाखान्यात सांगितलं होतं, रोज अर्धा तास सपाट जागेवर चाला, जे काय परत यायचं ते सहा महिन्यांत येईल, पुढे नाही. पण त्यांच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी दारात शिरावं लागे, आणि पायाखाली उघडं गटार. तिथे मास्तर दोनदा पडले. मोठ्या रस्त्यावरचा फूटपाथ शोधून सापडत नव्हता. जवळपास बाग म्हणाल तर ही एकच, चार उंच इमारतींच्या मधोमध, तिथे राहणाऱ्यांपुरती. कामाच्या माणसांना कामापुरतं आत सोडत.

मग बाईनेच डोकं लढवलं. लाडोबाला फिरवायचं तिचं काम तिने नवऱ्याच्या हातात दिलं. कुत्रा फिरल्याशी मतलब म्हणून मॅडमनीही हरकत घेतली नाही. एकाला चालता येत नव्हतं, दुसऱ्याला चालायचं नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. लाडोबा झाडाझाडापाशी हुंगत थांबे, तेवढ्यात मास्तरांचा दम खाऊन होई. गेल्या आठवड्यात मास्तरांचं पाऊल फरफटायचं थांबलं होतं. ते त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

"बघू," म्हणत त्यांनी जाकीट हातात घेतलं. कापड दिसलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी ते उलटं केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. बाई उगाचच खोकली.

"हे आटलेलं नाही, मॅडम," मास्तर म्हणाले. "आटलं असतं तर अस्तर खाली लोंबलं असतं. ही शिवण बघा, एक चुणी नाही. हिने गार पाण्यातच धुतलंय."

"मग बसत का नाही?"

"तो वाढलाय. पोटात दोन इंच तरी." मापात कधी चूक न झालेल्या माणसाच्या तोऱ्यात ते बोलून गेले, आणि बोलून झाल्यावर घाईघाईने जाकिटाची घडी घालू लागले.

मॅडमनी कुत्र्याकडे पाहिलं, मग काठीकडे. "तरीच. डॉक्टर कधीचे सांगतायत, याला पळवा म्हणून. तुमच्या चालीने चालून हा कसा उतरणार हो? तुमचा दोष नाही, मास्तर. पण उद्यापासून हिलाच येऊ दे. अर्धा तास दामटव गं त्याला."

"हे पण येऊ देत ना, मॅडम," बाई म्हणाली. "कडेकडेने चालतील नुसते. कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत."

"माझं काही नाही गं. पण एका कुत्र्यामागे एकच माणूस, असा नियम आहे इथला. मी कुणाकुणाला तोंड देत बसू?" आणि मॅडम वॉचमनला तसं सांगायला फाटकाकडे गेल्या.

बाई नवऱ्याकडे वळली. "आटलं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुझ्यावर आलं असतं."

"येऊ द्यायचं होतं! आजवर काय कमी आलंय?" तिने डोळे पदराने खसाखसा पुसले. "एवढा झटका येऊन गेला, जीभ तेवढी वाकडी झाली नाही तुमची."

 सहा महिन्यांतले दोन राहिले होते. आता चालायचं कुठे, याचा विचार करताना आपली गल्ली मास्तरांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांना भीती वाटली.

मॅडम परत आल्या. त्यांनी साखळी बाईच्या हातात दिली आणि जाकिटाकडे बोट दाखवलं.

"हा बारीक होईपर्यंत ते बाजूंनी जरा सैल करून द्या, मास्तर. फक्त हाताने शिवू नका, ती शिवण त्याला टोचते. मशीनवरच मारा." मग काहीतरी आठवल्यासारखं त्या हसल्या, अगदी मनापासून. "सावकाश करा हो. पाय बरा झाला की. घाई नाही."