बँकॉकहून जवळच

सुमेधने बँकॉकला खोली घेतली, कारण तिथून शेजारचे देश स्वस्तात फिरता येतात. कधी लाओस, कधी व्हिएतनाम. दर रविवारी तो जबलपूरला आईला, विनताताईंना, व्हिडिओ कॉल करून नवी जागा दाखवायचा. मागच्या महिन्यात म्हणाला, "आई, एका ओळखीच्या भैयासोबत आत्ता सीमेपलीकडे जाऊन राहिलो. नदी ओलांडली की झालं." त्यानंतर कॉल बंद झाले. "मजेत आहे, नेटवर्क नाही," एवढाच मेसेज यायचा आणि विनताताई तोच पुन्हापुन्हा वाचत बसायच्या.

आज दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, पुलिस स्टेशन से बोल रहा हूं. आपके नाम का पार्सल पकडा गया है. घर में किसी को मत बताइए."

असल्या फसव्या फोनांबद्दल, ते करायला परदेशात डांबून ठेवलेल्या पोरांबद्दलही, त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्या फोन ठेवणारच होत्या, पण तो आवाज ओळखीचा निघाला.

"सुमेध? बाळा, तू काहून असा बोलून राहिला?"

पलीकडे त्याच्या मागे कोणीतरी दरडावलं.



"फोन मत काटिए, मॅडम," तो कापऱ्या आवाजात म्हणाला.