गाडीचं ऑईल

“आणि कूलंट?” दुकानदारानं विचारलं. “ऑईल बदललंत, आता रेडिएटरही एकदा बघून घ्या मॅडम. उन्हाळा तोंडावर आलाय.”

थोरलीला हसू आलं. जुन्या, काळ्या ऑईलचा डबा तिनं काउंटरवर ठेवला. ते गटारात ओतायचं नसतं म्हणून ती मुद्दाम इथवर आली होती.

“काका, आमच्या गाडीला कुठला आलाय रेडिएटर? ती आपली वाऱ्यावर थंड होते. इंजिनाच्या पाकळ्यांतून वारा गेला की झालं.”

डबा उचलायला पुढे आलेला दुकानदाराचा हात तिथंच थांबला.

“म्हणजे मोटरसायकल?”

“हो. धाकट्या बहिणीची.”

“फोनवर तुम्ही ‘गाडी’ म्हणालात.”

“मग गाडीच आहे ना ती.”

दुकानदारानं मागच्या फळीवरून एक नवा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. काल त्यानं तिच्या घरी पाठवला होता तसाच. एका कोपऱ्यात, नखाएवढ्या आकाराची, मोटारीची आकृती होती. काल तिनं ती पाहिली होती. शोभेची समजून सोडून दिली होती. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती नळीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय नळीला हात लावत नसे. या डब्यावरचे आकडेही तिनं दोनदा वाचले होते. फक्त चित्र वाचलं नव्हतं.

काल त्यानं फोनवर दोन ऑईलं सांगितली होती, एक दाट आणि एक पातळ. पातळ महाग आहे, पण घर्षण अगदी कमी करतं, असं तो म्हणाला आणि तिनं पुढचं ऐकलंच नाही. घर्षण कमी तेवढं इंजिन सुखी. मग अंगणात सतरंजीचा तुकडा टाकून तिनं स्वतः पाना फिरवला होता. धाकटी शेजारी उभी राहून म्हणत होती, “ताई, नट उरले तर मला सांगू नकोस हं.”

“कोणती गाडी, एवढं मी विचारायला हवं होतं,” दुकानदार म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “मोटारीचा क्लच बाहेर असतो, कोरडा. मोटरसायकलचा त्याच ऑईलमध्ये बुडालेला. आणि क्लच म्हणजे काय, नुसतं घर्षण. तेच काढून घेतलं की इंजिन ओरडत राहतं आणि चाक ऐकत नाही.”

“लगेच?”

“सपाटीवर कळणारही नाही कदाचित. पण तापली आणि चढ लागला, की…” त्यानं वाक्य सोडून दिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “आणि वाऱ्यावरची गाडी चढावर तापतेच. वेग नाही तर वारा कुठला?”

थोरलीनं डब्यावरच्या त्या नखाएवढ्या मोटारीवर बोट ठेवलं.

“बहीण आज घाटात आहे,” ती म्हणाली.

दुकानदारानं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही. तिनं पर्समधून फोन काढला. धाकटीचा बोललेला निरोप येऊन पडला होता, ऐकायचा राहिलेला. तिनं तो लावला. आधी नुसता वारा. मग धाकटीचा आवाज.

“ताई, तुझ्या ऑईलनं कमाल केली गं. गाडी काय हलकी झालीय! जरा मूठ पिळली की नुसती गाते. तू ती रक्तं काढणं सोड आणि गॅरेज टाक.” शेवटी हसणं, आणि पुन्हा वारा.

दुकानदार हसला नाही.

“गाते म्हणजे सुटायला लागलाय क्लच,” तो म्हणाला. “फोन लाव. लाव पोरी.”

मघापर्यंत तो तिला मॅडम म्हणत होता.

घंटी वाजू लागली. तिनं उचलू नये, दोन्ही हात हँडलवर असू देत, असं थोरलीला वाटलं. पुढच्या घंटीला वाटलं, उचल बाई. उचल.

“बोल ताई. थेट कानात आहेस, हेल्मेटच्या आत.”

“कुठं पोचलीस?”

“घाटात. शेवटचा चढ. पण हिला काय झालंय कोण जाणे. पिळतेय तेवढी ओरडतेय आणि चढतेय मात्र म्हातारीसारखी. मघाशी तर गात होती.”

बोलण्याखालून इंजिन ऐकू येत होतं. बारीक, वर चढत जाणारा आवाज, भरधाव सुटलेल्या गाडीचा असतो तसा. थोरलीनं काउंटरची कड धरली. आपला आवाज शांत आहे, हे तिला दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकावं तसं ऐकू आलं.

“नीट ऐक. चूक माझी आहे, ते नंतर सांगते. आता पिळू नकोस. गाडी कडेला घे आणि थांबव.”

“कडेला कुठं घेऊ? इकडे कातळ, तिकडे कठडा. इथं थांबले तर…” इंजिनाचा आवाज आणखी वर गेला. “ताई, ही आता जागची हलेना. एक मिनिट हं, मागे गाडी आहे.”

ऐकायला काउंटरवर वाकलेल्या दुकानदारानं मान वर केली. दोघांची नजरानजर झाली.

“कोणती गाडी?” थोरलीनं विचारलं.