तेलकट वाटेवरचा थेंब

द्वारकाबाईंनी न्हाऊ घालण्याआधी नातवाच्या अंगात वाटीभर खोबरेल जिरवलं आणि दंडावर चिकटवलेली औषधाची चकतीही कोरडी राहू नये म्हणून तिलाही चोळलं. त्या चकतीत मोटर नव्हती, बॅटरी नव्हती. केसाहून बारीक नळ्यांतून औषधाचा थेंब कडांना बिलगत आपणहून सरकायचा, आणि त्यावर बाळाचं हृदय चालायचं. बनवणाऱ्यांनी आंघोळीचा विचार केला होता, तेलपाण्याचा नव्हता. आता तेलकट वाटेवर थेंब गोल होऊन अडून बसला होता. बाळाचे ओठ निळे पडू लागले.

"आई, चकतीला तेल?" शर्वाणी किंचाळली.

"सगळ्या अंगाला लावलं, तिनंच काय घोडं मारलं होतं?" सासूबाई म्हणाल्या.

शर्वाणीनं लावलेल्या फोनवर डॉक्टर म्हणाले, "नवी चकती घेऊन ड्रोन निघालंय. तोवर थेंब बोटानं ढकला. एका वेळी एकच. दोन गेले तर हृदय थांबेल."

शर्वाणीनं हात पुढे केला. द्वारकाबाईंनी तो बाजूला सारला आणि बाळाच्या छातीकडे बघत चकतीवर अंगठा हलकेच दाबला. एक थेंब गेला. ओठ किंचित गुलाबी झाले.

"ड्रोन कुठवर आलं?" त्यांनी विचारलं.

"घाटात धुकं आहे म्हणून खाली उतरवलंय," खिडकीशी फोन कानाला लावून उभी शर्वाणी म्हणाली.

"मग खिडकी सोडून इकडे ये," द्वारकाबाई पुढच्या थेंबासाठी अंगठा टेकवत म्हणाल्या, "आणि माझ्या डोळ्यांवरचा घाम पूस."