हाकेच्या अंतरावर

करमाडच्या माळावर कुत्र्यांची शर्यत होती. कुत्रं पळतं ते हाक मारणाऱ्या माणसाकडे. म्हणून दरवर्षी त्रिंबक हरण्याला धरून सुटायच्या रेषेवर बसायचा आणि त्याची बायको म्हाळसाबाई शेवटच्या झेंड्यापाशी उभी राहून हाक द्यायची. हरण्या तिच्याच हातची भाकर खाऊन वाढलेला.

यंदा हरण्याचा मागचा पाय सुजला होता. त्रिंबकनं त्याला दुखणं दबायचं इंजेक्शन टोचून आणलं.

"अवो, मुकं जनावर हाय. पळवू नका. कायमचा पाय जाईल त्याचा."

"गेला तर गेला, बक्षिसाची ढाल तर येईल घरात! तू गप झेंड्यापाशी उभी ऱ्हा. तू हाक मारली की येतंय ते, पाय असो नायतर नसो."

म्हाळसाबाईनं पदर खोचला आणि ती गर्दीत शिरली.

शिट्टी वाजली. सगळी कुत्री झेंड्याकडे सुटली आणि "हरण्याऽऽ" अशी तिची खणखणीत हाक माळभर घुमली.

&nbsp;

हाक आली होती त्रिंबकच्या पाठीमागून, अगदी दोन हातांवरून; आणि हरण्या जागच्या जागी वळला.