निसटलेली वायर

कुकरची शिट्टी झाली आणि घरातल्या आम्ही तिघीही दचकलो. काल सभेत ऐन भाषणात साहेबांचा माइक बंद पडला, लोक फिदीफिदी हसले, आणि आज माइक लावणाऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हातातला चहाही संपवू न देता पोलीस घेऊन गेले.

"एक वायर तर निसटली होती हो," मी सासूबाईंना म्हणाले. "मुद्दाम का कुणी करेल?"

"रडू नकोस गं," म्हणत त्यांनी गॅस बारीक केला. "साहेब झाला म्हणून काय देव झाला? खुर्चीवर बसवणारा वरचा, उठवणाराही वरचाच. त्याच्या मर्जीशिवाय झाडाचं पान हलत नाही."

"एकसुद्धा नाही?" लेकीने विचारलं.

"एकसुद्धा नाही, बाळा."

ती माझ्या मांडीवर चढली. मग माझी हनुवटी धरून तिने माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, मग ती वायर पण देवानेच काढली ना? बाबांना कशाला नेलं?"