कीर्तनापुरती बंद

विष्णुबुवा संमतीच्या फॉर्मवर सही करायला वाकले, तसा द्वारकाबाईंनी नवऱ्याचा हात धरला. "थांबा हो डॉक्टरबाई. सही हे करताहेत, की यांच्या कानामागची चकती?"

डॉक्टर सानप हसल्या. "काकू, नैराश्यानं सहा महिने अंथरूण न सोडलेले बुवा या चकतीमुळे पुन्हा कीर्तनाला उभे राहतात. संशोधनात पुढेही राहायला ते आनंदाने तयार आहेत."

"तो आनंद तुमच्या चकतीचाच ना? म्हणजे तिला ठेवायचं की नाही, हे तुम्ही तिलाच विचारताय! आधी बंद करा, मग विचारा."

डॉक्टरांनी नाइलाजाने चकती बंद केली. हळूहळू बुवांचे खांदे उतरले, डोळे भरून आले. ते जुनं दुखणं पाहून द्वारकाबाई त्यांच्याजवळ सरकल्या.

"बुवा, चकती ठेवायची?" डॉक्टरांनी विचारलं.

बुवांनी उपरण्याने डोळे पुसले. "काल कीर्तनाच्या उत्तररंगात मेलेल्या लेकराजवळ आईचा विलाप सांगितला. श्रोते रडत होते अन् मी हसतमुख! आता लाज वाटते. पण चकतीशिवाय घराबाहेरही पडवत नाही. कीर्तनापुरती बंद ठेवता येईल?"

"फॉर्मात तसा रकाना नाही."

"मागची बाजू कोरी आहे," द्वारकाबाईंनी कागद पालथा केला. "लिहा. बटण यांच्याच हातात राहील, तेही लिहा."

"आणि उभ्या कीर्तनात दुखणं उसळलं तर?" डॉक्टर म्हणाल्या.

"टाळ धरून मी मागे उभी असते की!"