शांतीचं चुंबन

“आपण सारे भाऊ,” म्हणत कार्थेजचे ख्रिस्ती पाळक सेवेरियान प्रार्थनेनंतर मंडळीतल्या प्रत्येकाच्या गालावर शांतीचं चुंबन द्यायचे. कातडी कमावणारा मिगीन समोर आला, की मात्र नाकाला वस्त्र लावायचे. “लांबूनच रे. देव मन बघतो.”

एका सकाळी ख्रिस्ती लोकांची धरपकड करणारे रोमन बादशहाचे शिपाई मागे लागले, तेव्हा पाळक मिगीनच्याच घरात शिरले. त्याने त्यांना मुतात कातडी भिजवायच्या कुंडात गळ्यापर्यंत बसवलं, वर झाकण ठेवलं. शिपाई नाक दाबून दारातूनच परतले.

मिगीन निवांत जेवला. एक झोप काढली. दिवस मावळताना झाकण उघडलं.

“गेले का रे?”

“हे काय, आत्ताच.”

पाळक गहिवरले. “माझ्या भावा!” म्हणत, गाल पुढे करून त्याच्याकडे झेपावले.

मिगीनने नाकाला फडकं लावलं. “लांबूनच, पाळकसाहेब. देव मन बघतो.”